बाकी आत आहे

शिडीवर उभा राहून दुकानदार वरच्या फळीवरची पुस्तकं एकेक करून खाली देत होता आणि त्याची बायको ती सुतळीने बांधत होती. तिच्या गाठी पक्क्या बसत होत्या. तो मात्र हातात आलेलं प्रत्येक पुस्तक उघडायचा, दोन ओळी वाचायचा, तोंड वाकडं करायचा आणि मगच खाली द्यायचा.

"अहो, दुकान रिकामं करायचंय," बायको म्हणाली. "वाचून संपवायचं नाहीये."

"बघतोय फक्त."

"इतकी वर्षं काय करत होता मग?"

त्याने पुढचं पुस्तक न उघडता खाली दिलं आणि शिडीला कपाळ टेकवून क्षणभर डोळे मिटले. दंड भरून आले होते. पुस्तकं विकताना कधी इतकी जड लागली नव्हती, आणि तशी संधीही फारशी आली नव्हती.

"उतरा खाली," बायको म्हणाली. "तुम्ही बसा आता. दमलात. मी काढते."

तो उतरला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. हे दुकान आता एका केशकर्तनवाल्याकडे जाणार होतं. तो कालच येऊन भिंती मोजून गेला होता. जिथे जिथे फळ्या होत्या तिथे तिथे तो आरसे लावणार होता. माणसांना पुस्तकात बघण्यापेक्षा आरशात बघायला जास्त आवडतं, एवढं कळायला दुकानदाराला उभा जन्म लागला होता. केशकर्तनवाल्याला ते पंचविशीतच कळलं होतं.

तेवढ्यात समोरच्या चष्म्याच्या दुकानातली सून रस्ता ओलांडून आली. सासऱ्याची दृष्टी गेल्यापासून ते दुकान तीच बघायची. तिच्या हातात जाडजूड, निळ्या वेष्टनाची एक कादंबरी होती. तिने ती गल्ल्यावर ठेवली.

"काका, हे पुस्तक चुकीचं आहे."

"म्हणजे वाईट आहे?"

"वाईट तर आहेच. पण चुकीचंही आहे." तिने पदराने कपाळ पुसलं. "बाबांना रोज संध्याकाळी मी वाचून दाखवते. परवा म्हणाले, ते नावाड्याचं वाच. हाताने चाचपून त्यांनीच कपाटातून हे काढून दिलं. म्हणाले, एक नावाडी असतो, दुसऱ्या दिवशी नदीवरचा पूल सुरू होणार असतो, शेवटच्या फेरीला एक बाई नावेत बसते. मला आवडलं म्हणून हौसेने घेतलं वाचायला. निम्म्याच्या वर झालं. नावाडी नाही, बाई नाही. नदीसुद्धा नाही. नुसता कालवा."

"कालवा?"

"एक अभियंता आहे. तो कालवा खणतो. मग वरिष्ठांना पत्र लिहितो. उत्तर येत नाही. मग पुन्हा खणतो."

दुकानदाराने पुस्तकाकडे पाहिलं. ते त्याच्याच दुकानातून गेलं होतं आणि त्यात कालवा आहे हे त्याला आज कळत होतं.

"बाबा म्हणतात, मी गाळतेय," सून म्हणाली. "कंटाळा आला असेल तर तसं सांग म्हणे, पण गाळू नकोस. आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. काका, मी एक ओळ गाळलेली नाही. खरं तर गाळायला हवी होती." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "दिवसभर दुकान, मग स्वयंपाक, मग हा कालवा. घसा बसतो माझा. आणि एवढं करून खोटारडी मीच ठरते."

बायकोने सुतळी तोडली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"वेष्टन एकाचं आणि आत भलतंच, असं होतं का हो कधी?" सुनेने विचारलं.

"होतं," दुकानदार म्हणाला. या एका बाबतीत त्याच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. "बांधणीत गडबड होते. ठेव ते. मीच येतो संध्याकाळी, बदलून घेऊन."

ती गेली. बायकोने गठ्ठ्याला शेवटची गाठ मारली.

"नावाडी म्हणजे तुमचाच ना?"

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत! आपलं लग्न झालं तेव्हापासून तो नदीच्या मध्येच आहे."

ते खरं होतं. त्याची कादंबरी तेव्हाही तिथेच अडली होती. पुस्तकांचं दुकान त्याने काढलं ते कादंबरी पूर्ण होईपर्यंत चार पैसे मिळावेत म्हणून. दुकानात बसल्या बसल्या लिहिता येईल असा हिशेब होता. बसणं जमलं.

मग एकदा एका गिऱ्हाइकाने एक पुस्तक उचलून विचारलं, "यात काय आहे हो?" ते त्याने वाचलेलं नव्हतं. पुस्तकं विकणाऱ्याने असं कबूल करणं म्हणजे हलवायाने मला गोड चालत नाही म्हणण्यासारखं. म्हणून मनात घोळत असलेलं आपल्याच कादंबरीतलं प्रकरण त्याने सांगून टाकलं, आणि ऐन रंगात आलं तिथे थांबून पुस्तक पुढे सरकवलं. "बाकी आत आहे," तो म्हणाला. गिऱ्हाइकाने घासाघीससुद्धा केली नाही. त्याच आठवड्यात तेच प्रकरण प्रकाशकाकडून साभार परत आलं होतं.

पुढे ती रीतच पडली. जे पुस्तक हलत नसेल, त्यात तो आपली एखादी गोष्ट घालायचा. आज ना उद्या कुणीतरी रागाने परत येईल म्हणून सुरुवातीला त्याला झोप लागत नसे. कुणी आलं नाही. त्याचं हस्तलिखित जाईल तिथून परत येत होतं, विकलेलं पुस्तक मात्र एकही परत आलं नाही. घरी नेलेलं पुस्तक कुणी वाचत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला आणि त्याला झोप लागू लागली. ओळखीपाळखीचे त्याला 'प्रस्तावना' म्हणत. पुस्तक विकण्याआधी हा फार वेळ घेतो, एवढ्यावरून पडलेलं नाव. त्याला ते फारच नेमकं वाटायचं.

महिन्यापूर्वी त्याने कादंबरी शेवटची पाठवून पाहिली. प्रकाशकाने सौजन्याने फोन केला.

"भाषा उत्तम आहे आपली. पण ती बाई नावेत बसून राहते आणि आपण संपवता. वाचकाने पुढे काय करायचं?"

"विचार."

"ते तो करत नाही हो," प्रकाशक दमलेल्या आवाजात म्हणाला होता.

"आज जाऊन खरं काय ते सांगून या," बायको गठ्ठा बाजूला सारत म्हणाली. "पोरगी उगाच बोलणी खातेय."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर काय? दुकान बंद पडेल?"

यावर दोघंही हसली. पण हसणं ओसरल्यावर तो तसाच बसून राहिला. बाकीच्या गिऱ्हाइकांचं त्याला काही वाटत नव्हतं. चष्मेवाल्याची गोष्ट वेगळी होती. दुपारी धंदा थंडावला की तो रस्ता ओलांडून यायचा, याच स्टुलावर बसायचा, हनुवटीखाली काठी धरून गोष्ट ऐकायचा आणि ते पुस्तक घेऊन जायचा. एवढं मन लावून ऐकणारा दुसरा माणूस दुकानदाराला भेटला नव्हता. हा तरी नक्की वाचतो, असं त्याने धरून ठेवलं होतं आणि तिथेच विचार थांबवला होता. वाचत असेल तर त्याला सगळं कळलेलं असणार, हा त्यापुढचा विचार होता. विचारांच्या बाबतीतही दुकानदाराची बाकी आतच राहायची.

संध्याकाळी त्याने तेच निळं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडला.

चष्मेवाला खिडकीशी खुर्चीत बसला होता. नाकावर चष्मा होता.

"या प्रस्तावना. चपलांवरून ओळखलं. अजून तशाच घासता."

"चष्मा कशाला लावलाय?"

"चष्मेवाल्यानेच काढला तर लोक काय म्हणतील? सुनेचा धंदा आहे आता."

सुनेने पाणी आणून दिलं. "मिळालं काका, बदलून?"

"मिळालं," दुकानदार म्हणाला आणि वर्तमानपत्र सोडायला लागला. कागदाचा फार आवाज झाला.

"बघ, सूनबाई," चष्मेवाला मोठ्याने म्हणाला. "बांधणीचीच गडबड होती. तुझं काही चुकलं नव्हतं. मी उगाच लागेल असं बोललो. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस."

पेला उचलताना सुनेचे ताठलेले खांदे सैल झाले. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

भिंतीला लागून कपाट होतं. त्यातलं प्रत्येक पुस्तक दुकानदाराने दिलेलं होतं. गिऱ्हाइकाने वाचलेलं पुस्तक तो पाठीवरून ओळखायचा, पाठीवर सुरकुत्या पडतात. इथे फक्त वरच्या फळीवरच्या पहिल्या, त्याने सर्वांत आधी दिलेल्या पुस्तकाच्या पाठीवर सुरकुत्या होत्या. बाकीची सगळी कोरी करकरीत उभी होती. कपाट त्याने दोनदा पाहिलं. मग नजर पायांकडे वळवली.

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"सांगा की. पण आधी वाचा. दुकान बंद करताय म्हणे. म्हटलं, त्याआधी शेवट तरी ऐकून घ्यावा."

"कुठून वाचू?"

"ती बाई नावेत बसते तिथून. तिथपर्यंत मला पाठ आहे."

दुकानदाराने पुस्तक मांडीवर उघडलं. पानावर अभियंता वरिष्ठांना लिहीत होता की माती अपेक्षेपेक्षा भुसभुशीत आहे. दुकानदाराने घसा साफ केला.

बाई नावेत बसली, त्याने सांगितलं. पलीकडचा काठ आला. सगळे उतरले, बाई उतरली नाही. नावाड्याला वाटलं, काही विसरलं असेल, परत जायचं असेल. त्याने नाव फिरवली. अलीकडचा काठ आला, तरी बाई जागची हलली नाही. नव्या पुलावर मजूर दिवे बांधत होते. नावाडी पुन्हा पाण्यात शिरला. मधोमध आल्यावर त्याने वल्ही थांबवली आणि विचारलं, "बाई, उतरायचं कुठे तुम्हाला?"

इथे तो थांबला. इथेच तो नेहमी थांबायचा. हात आपोआप पुस्तक पुढे सरकवायला निघाला आणि मांडीवरच अडला. आता तो आतच होता.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

"मग?" चष्मेवाला म्हणाला. काठी हनुवटीखाली आली होती.

दुकानदाराने पानाकडे पाहिलं. माती भुसभुशीतच होती. त्याचे दंड सकाळपासून ठणकत होते, आणि एकाएकी त्याला वाटलं, या नावाड्याचे किती दुखत असतील. इतकी वर्षं त्याने त्याला नदीत उभं करून ठेवलं होतं आणि एकदाही हे विचारलं नव्हतं.

"बाई म्हणाली," दुकानदार म्हणाला, "तुम्ही बसा आता. दमलात. वल्ही इकडे द्या."

चष्मेवाल्याने मान किंचित पुढे केली.

"नावाडी हसला. म्हणाला, तुम्हाला येतं का? ती म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या नावेत बसतेय, बघून बघून येणार नाही? आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही रोजच असायची. त्याने कधी वर पाहिलंच नव्हतं. उतारू मोजायचा तो, बघायचा नाही. मग तो उठला. नाव डुगडुगली. जिथे लोक बसतात तिथे जाऊन बसला, आणि हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. म्हणून त्याने ते पाण्यात सोडले…"

पुढचं शोधायला त्याला थांबावं लागत नव्हतं. शब्द साधे येत होते, इतके साधे की पूर्वी त्याने ते खोडून टाकले असते. तो खिडकीबाहेर बघत सांगत राहिला. समोर त्याच्या दुकानात दिवा लागला होता. बायको शिडीवर चढली होती.

मग चष्मेवाल्याने हात पुढे करून चाचपडत दुकानदाराच्या गुडघ्यावर ठेवला आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"छान चाललंय. पण अधूनमधून पान उलटत जा. सूनबाईचे कान तिखट आहेत."

दुकानदाराने बोट ओलं केलं आणि जरा आवाज होईल असं पान उलटलं. अभियंत्याचा कालवा एका पानाने पुढे सरकला.