बाबांचा वास

नाक ही गठुडीच्या आईची खरी मिळकत. लॉन्ड्रीत आलेला कपडा ती आधी हुंगायची आणि डाग तेलाचा की औषधाचा, ते न बघता सांगायची. गिऱ्हाईक थक्क व्हायचं, लेक मात्र धास्तावायची. अशा नाकाखाली सोळाव्या वर्षी सिगरेट ओढायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणंच की!

गठुडी हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती कपड्यांच्या ढिगावरच झोपायची ना, म्हणून. बाबा खोकून खोकून, छातीच्या दुखण्याने गेले. आईने त्यांचे सगळे कपडे धुऊन टाकले आणि घरातून त्यांचा वाससुद्धा गेला. मग इस्त्रीच्या खोलीत, फळीवर, गठुडीला त्यांचं सिगरेटचं अर्धं पाकीट सापडलं. एक पेटवली, तर बाबा दारात उभे आहेत असंच वाटलं. पोरगी ढसाढसा रडली. एकच, एकच म्हणता म्हणता सवय मानगुटीवर बसली.

त्यात भलतंच झालं. एका संध्याकाळी आई त्या खोलीत शिरली, थबकली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, तुझे बाबा येऊन गेले!"

तेव्हापासून कामं उरकली की ती तिथे जाऊन बसायची. गिऱ्हाइकांच्या कागाळ्या बाबांना सांगायची, हसायचीसुद्धा. अन्नावरची वासना उडालेली बाई दोन घास जास्त खायला लागली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाबा नव्हेत, मी?

मग एका सकाळी ओल्या चादरी जिन्यावरून नेताना गठुडीला खोकल्याची उबळ आली. खोल, खरखरीत, थांबेचना. आतून आईने हाक दिली, "पाणी देऊ का हो?"

गठुडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या सुरात आई फक्त बाबांशी बोलायची.

त्याच दिवशी तिने पाकीट गटारात फेकलं. डोकं ठणकलं, दिसेल त्याच्यावर ती खेकसली. पण पोरगी हट्टाला पेटली होती. इकडे खोलीतला वास विरत गेला. आई दार उघडायची, श्वास घ्यायची, पुन्हा दार लावायची. ताट पुन्हा तसंच राहायला लागलं.

शेवटी गठुडीलाच राहवेना. "आई, बाबा येत नव्हते गं. मी ओढत होते. सोडली आता."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझे कपडे कोण धुतं? कळत होतं गं, वळत नव्हतं." तिने लेकीचा हात धरला, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "एकच ओढशील? शेवटची. मी नुसती बसेन इथे."

गठुडीने हात सोडवून घेतला. म्हणजे ठाऊक असूनही आपल्याला खोकताना ऐकत होती ही! राग आला, भयंकर आला, आणि तेवढीच कीवही आली. तलफ तर होतीच. एका सिगरेटने काय बिघडतंय, असं अगदी ओठांवर आलं.

"नाही आई," ती म्हणाली. "मला बाबांसारखं मरायचं नाही."

बाबा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली आई मटकन खाली बसली. "गेले गं ते, खरंच गेले," म्हणत तिने हंबरडा फोडला.