मी, बंदरावरच्या खोक्यांचा कनबा

मी कनबा बोलतोय. अलेक्झांड्रियाच्या बहारी भागात, चौथ्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून मी जन्मातली बहुतेक वर्षं उभा होतो. लांब लाकडी बैठक, वर कापसाच्या गाद्या, पोटात कप्पा. त्या कप्प्यात हिवाळ्यातल्या रजया, कांदे आणि कुणाच्या हाती लागू नयेत अशा वस्तू राहतात. माझ्यावर माणसं बसतात, जेवतात, भांडतात आणि भांडून दमली की तिथंच आडवी होतात. लाकडाला याहून चांगलं आयुष्य कुठं मिळणार?

तरी एक गोष्ट मला आतून खात होती.

मला घडवलं अतिय्याने. तो ट्राम चालवायचा. लग्न ठरलं तेव्हा त्याने बंदरावर टाकून दिलेली खोकी आणली, फळ्या सुट्या केल्या आणि स्वतःच्या हाताने मला उभं केलं. सासरे बघायला आले. "लाकूड कसलं?" त्यांनी विचारलं. अतिय्या म्हणाला, "झान!" झान म्हणजे आमच्याकडचं मानाचं लाकूड. आदल्याच दिवशी त्याने मला हिरवा रंग फासला होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

पुढे घरात लग्न निघालं की माझ्यावर नवा रंग चढायचा. हिरव्यावर निळा, निळ्यावर कॉफीचा. पाहुणे माझ्या हातावर थाप मारून म्हणायचे, "वा, झान तो झान!" मी आत आक्रसून जायचो. अतिय्या गेला. त्याच्या मुलीने, सनिय्याने, ती थाप खरी मानली आणि तिच्या मुलीने, नशवाने, आणखीच खरी.

नशवा कॉलेज शिकलेली, तापट पोरगी. लग्नासाठी नुसत्या शोभेच्या, ज्यांच्यावर कुणी बसत नाही अशा सोनेरी खुर्च्या घ्यायला तिने साफ नकार दिला. होणाऱ्या नवऱ्याच्या, विसामच्या आईला, हाज्जा इन्साफला, तिने ठणकावून सांगितलं, "आजोबांचा अस्सल झान आहे आमच्याकडे. तोच घासून नव्या घरात नेणार." हाज्जा म्हणाल्या, "बघू तरी. फातिहा वाचायला येऊ तेव्हा दाखव." फातिहाची प्रार्थना म्हणून लग्न पक्कं करायचा दिवस, आणि त्या दिवशी माझी परीक्षा!

नशवाने मला गच्चीवर नेलं. पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला, मग जाड पॉलिश पेपर. सुरुवातीला ती आडवंतिडवं घासायची आणि माझ्या अंगावर ओरखडे उठायचे. मग रेषांच्या दिशेने हात चालवायला शिकली. भुसा वाऱ्यावर उडाला.

"अगं ए, लाकूड घासतेस की माझ्या चादरींना पावडर लावतेस?" शेजारची उम्म रगब ओरडली.

"मावशी, लग्नघराची पावडर आहे, शुभ असते!"

कॉफी गेली, निळा गेला, हिरवा गेला. आणि मी उघडा पडलो. फिकट, गाठाळ, खिळ्यांच्या भोकांनी भरलेला. पाठीच्या फळीवर तर मालाच्या खोक्यांवर छापतात तसं एक चित्र निघालं: उभ्या दांड्याचा काचेचा प्याला. कितीही घासा, जाईना.

सनिय्या चहा घेऊन वर आली आणि तिथंच थिजली. "या अल्लाह! दारूचा प्याला! बाबांनी आम्हाला दारूच्या खोक्यांवर बसवलं?"

"आई, दारू नाही गं. आत फुटायचं सामान आहे, जपून हाताळा. एवढाच अर्थ."

"अर्थ तुला कळतो, शहाणे! हाज्जांना प्यालाच दिसणार. उठून चालत्या झाल्या तर? आण तो कॉफी रंग!"

नशवाने डबा उघडला. ब्रशही बुडवला. मी मनात म्हणत होतो, लाव बाई, लवकर लाव, झाक मला! तिच्या तळहाताला फोड आले होते. तोच हात तिने माझ्यावरून फिरवला.

"आजोबांनी घाबरून रंग लावला," ती हळूच म्हणाली. "मीही घाबरूनच लावू?"

तिने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. भोकांत भुसा आणि सरस भरला, बारीक पेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. तहानलेल्या माणसासारखा मी ते प्यालो.

पाहुणे आले तेव्हा मी पुन्हा खाली खोलीत होतो आणि सनिय्याने माझ्यावर जाड पांघरूण घातलेलं होतं. सरबत फिरलं. हाज्जा म्हणाल्या, "तो झान कुठाय?"

"आधी बसबूसाची वडी घ्या ना, हाज्जा," सनिय्या घाईने म्हणाली.

नशवाने पांघरूण ओढलं. "झान नाही हा. आजोबा खोटं बोलले, आणि मी न बघता तेच तुम्हाला सांगितलं. बंदरावरची खोकी आहेत. हा प्याला दारूचा नाही, 'जपून हाताळा' म्हणून खोक्यावर छापलेला आहे."

विसामने मान खाली घातली. हाज्जा जवळ आल्या, बोटांनी मला चाचपलं. मग हुश्श करत माझ्यावर बसल्या आणि पाय वर घेतले.

"आमच्या घरातलं कपाट अक्रोडाचं म्हणून सांगते ना मी? साध्या फळ्यांवर अक्रोडासारखा दिसणारा कागद चिकटवलाय. ओलं फडकं लावू देत नाही कुणाला."

"आई!" विसाम ओरडला.

"काय आई? पोरीने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, मी किती वर्षं लपवू?" मग प्याल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "बघून ठेव, विसाम. बायकोच्या कपाळावर असं काही छापलेलं नसतं, म्हणून मीच तोंडाने सांगते: जप तिला."

सगळे हसले, सनिय्या सर्वांत शेवटी. मग तळहात वर झाले, आणि माझ्यावर बसूनच फातिहा वाचली गेली.

आता मी नशवाच्या घरी आहे. माझ्यावर चहा सांडतो, ती पुसते; वर्षाकाठी थोडं घासते, थोडं तेल देते. सनिय्या आली की शेजारणींना बोलावून सांगते, "खोक्यांचा आहे, बरं का! माझ्या बापाने हाताने केलेला!" अगदी बापाच्याच तोऱ्यात.

मी सगळ्यांचा ऋणी आहे. अतिय्याचाही. त्याने खोटं सांगितलं, पण सांधे घट्ट बसवले. तुमच्या घरात जुनं लाकूड असेल तर फेकू नका. एखादी सुट्टी द्या, रेषांच्या दिशेने घासा. खालून साधंच काही निघालं तर रंगाचा डबा शोधायला धावू नका. त्याच्यावर बसा.