बांबूच्या टोकातलं पाणी

दर शुक्रवारी सकाळी बू वारसिनी बॅटरी घेऊन घराबाहेर पडायची आणि गल्लीतल्या बायकांची तोंडं वाकडी व्हायची. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या त्या चिंचोळ्या गल्लीत, जिथे बाईला आदराने ‘बू’ आणि पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, तिचं काम एकच. प्रत्येकाच्या न्हाणीघरात शिरायचं, पाण्याच्या हौदात बॅटरी मारायची आणि डासांच्या अळ्या वळवळतायत का ते बघायचं. सापडल्या तर हौद तिथल्या तिथे रिकामा करायला लावायचा. आरोग्य केंद्राने नेमलेल्या अशा बाईला जुमांतिक म्हणतात. गल्लीत मात्र तिला ‘अळीबाई’ म्हणत, आणि तेही हळू आवाजात म्हणायची तसदी कुणी घेत नसे.

काहीच घडलं नाही, हीच तिची वर्षानुवर्षांची कमाई. आणि जे घडलंच नाही त्याचे आभार कोण मानणार?

तिचा नवरा पाक गिमान घरासमोरच मोटरसायकली दुरुस्त करायचा. “लोक वेळच्या वेळी तेल बदलायला लागले तर आपण खायचं काय?” असं तो हसत म्हणे. मोडलं की बघू, हा त्याचा खाक्या. मग ती गाडीची साखळी असो नाहीतर स्वतःची दाढ. त्याचा जीव अडकला होता तो पिंजऱ्यातल्या होल्यात. शेजारच्या लास्मीच्या भिंतीला लागून त्याने उंच बांबू रोवला होता. सकाळी दोरी ओढून पिंजरा कप्पीवर चढवला की होला उन्हात घुमू लागे. त्या दोरीला दुसऱ्याने हात लावलेला गिमानला खपत नसे. परक्या हाताने होल्याचा गळा बसतो, अशी त्याची पक्की खात्री होती.

लास्मीच्या मुलीला, निंग्रुमला, डेंग्यू झाला आणि गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या संध्याकाळी गल्लीचे प्रमुख पाक सुगेंग यांच्या ओसरीवर सगळे जमले. सगळ्यांना एकच हवं होतं. धूर. यंत्राचा घरघराट, पांढरे लोट, पटापट पडणारे डास.

“मी केंद्रात फोन केला होता,” पाक सुगेंग म्हणाले. “आसपासच्या घरांत अळ्या सापडल्या असतील तरच धूर मिळतो म्हणाले. बू वारसिनी, किती घरांत सापडल्या?”

“एकाही नाही.”

मग एकच गलका झाला.

“एवढी घासपूस करून घेतलीस आमच्याकडून, आता धूरही मिळेना!”

“सांग की दोन घरांत सापडल्या म्हणून! कोण बघायला येतंय?”

“बू, समजून घ्या,” पाक सुगेंग समजुतीच्या सुरात म्हणाले. “धूर लोकांना दिसतो. तुमची बॅटरी कुणाला दिसते?”

लास्मी नुकतीच हॉस्पिटलातून आली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. ती आणि वारसिनी रोज दुपारी एकाच कढईत तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत. तिने वारसिनीचा हात धरला. “सांग ना गं सापडल्या म्हणून. तुझं काय जातंय?”

“धुराने उडते डास मरतात, लास्मी. पाण्यातले उद्या-परवा उडतील, ते पुन्हा चावतील. ते पाणी आधी सापडू दे. इथेच कुठेतरी आहे.”

लास्मीने हात सोडला. “इतकी वर्षं आमच्या न्हाणीघरात नाक खुपसलंस. माझ्या पोरीला झालाच ना?”

वारसिनीला ते फार लागलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने गल्ली पुन्हा पिंजून काढली. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, कुंड्या, फ्रिजमागची ताटली. काही नाही. दमून ती घरी आली आणि बांबूखाली कपडे वाळत घालू लागली. तेवढ्यात गिमानने होल्याला खाली घ्यायला दोरी ओढली. बांबू हलला आणि तिच्या गालावर दोन थेंब पडले.

“होल्याचा प्रसाद!” गिमान हसला.

तिने गाल पुसून बोटं बघितली. स्वच्छ पाणी होतं. कालपासून पावसाचा टिपूस नव्हता. तिने मान वर केली. कप्पीच्या वर बांबूचं कापलेलं टोक आभाळाकडे आ वासून उभं होतं.

“पाक, बांबू उतरवा.”

“डोकं फिरलं का तुझं? होला घाबरेल.”

“उतरवा म्हणते ना!”

त्या आवाजात ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. दोघांनी मिळून बांबू उपटला. वारसिनीने त्याचं टोक पांढऱ्या ताटलीत उपडं केलं. पाण्यात अळ्याच अळ्या वळवळत होत्या.

गिमान खाली बसला. “ओतून टाक. टोकात वाळू भरतो, झालं. कुणी बघितलं नाही.”

“समोर बघा, पाक. निंग्रुमची खिडकी आहे ती.”

त्याने बघितलं आणि दोरीची गाठ उगाचच सोडू-बांधू लागला.

ओतून टाकावं असं तिलाही वाटलं, खरं सांगायचं तर फार वाटलं. नाव राहील, मैत्रीण राहील. पण तेवढ्यात लास्मीचं फाटक वाजलं. ती मुलीचे कपडे न्यायला आली होती. वारसिनी ताटली घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अळ्या सापडल्या.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडे. होल्याच्या बांबूत.”

लास्मीने ताटलीकडे बघितलं, मग स्वतःच्या खिडकीकडे. आत जाऊन तिने पिशवी भरली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर वारसिनीला बरं वाटलं असतं.

वारसिनीने केंद्राला कळवलं आणि धूर आला. गल्लीत जत्रा भरली. “बू वारसिनींनी अखेर अळ्या शोधून काढल्या!” पाक सुगेंगांनी कर्ण्यावरून सांगितलं. दारादारांतून तिच्यासाठी तळलेली केळी आली, गोड चहा आला. कुठे सापडल्या, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं अळ्या नव्हत्या तेव्हा तिला कुणी पाणीही विचारलं नव्हतं. तिने सगळं तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. “धूर झाला की! आता कशाला?” म्हणत निम्म्यांनी दार अर्धंच उघडलं. ती हट्टाने आत शिरली, हौद बघितले आणि बाहेर आली. लास्मीचं घर तिने शेवटी ठेवलं. निंग्रुम आदल्या दिवशी घरी आली होती, हे तिला भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळलं होतं. फाटकाशी पोचली खरी, पण हाक मारायला तोंड उघडेना.

दार आतूनच उघडलं. लास्मी चपला घालून उभी होती, हातात बॅटरी.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“आधी तुझ्या घरी. आमच्याकडे तू बघतेस, तुझ्याकडे कोण बघतं?”

लास्मीने हौद बघितला, फ्रिजमागे वाकून बघितलं आणि तडक अंगणात आली. बांबू पुन्हा उभा होता, पण त्याच्या बुडाशी गिमानने एका भंगार मोटरसायकलच्या सुट्या भागांची बिजागरी बसवली होती. दोरी सैल सोडली की अख्खा बांबू आडवा व्हावा अशी. ती कशासाठी, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता त्याने पुढे येऊन पिंजरा काढून खाली ठेवला आणि दोरी लास्मीच्या हातात दिली.

बांबू हळूहळू आडवा झाला. लास्मीने टोकात बॅटरी मारली, वाळूत बोट खुपसून बघितलं.

“कोरडं आहे,” ती म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी परत बघेन.”