थंड गाडीचं माप

कागदावर चारच ओळी होत्या आणि चारही खोट्या होत्या. 'मी थंड गाडी रेस करून पळवली. त्यामुळे गिअरबॉक्स खराब झाला. चूक मला मान्य आहे. पुन्हा असं होणार नाही.' खाली सहीसाठी रेघ मारून ठेवलेली. सही केली तर नोकरी आहे तशी राहणार. नाही केली तर हातातलं स्टिअरिंग जाणार आणि तिने उरलेली वर्षं इस्पितळाच्या तळघरात चादरी मोजत काढायची.

"मी सही करणार नाही," ती समोर बसलेल्या साहेबांना म्हणाली.

इस्पितळाच्या गाड्यांवरची ती सर्वांत जुनी ड्रायव्हर. डायलिसिसच्या पेशंटांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. बरोबरीचे ड्रायव्हर तिला थांबाबाई म्हणत, कारण कडाक्याच्या थंडीत ती गाडी चालू करून आधी मिनिटभर नुसती बसे. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल थंडीत घट्ट होतं; लिव्हर पुढे जायला 'डी'वर आणला तरी गिअर पडायला दोन क्षण जास्त लागतात. बाकीचे तेवढ्यात वैतागून ॲक्सिलरेटर दाबत आणि गाडी धाडकन उडी घेई. ती ब्रेकवर पाय ठेवून वाट बघे. गिअर पडल्याचा हलका हिसका बसला की मगच निघे, तेही सुरुवातीला अगदी हळू. थंड गाडी वरचा गिअर उशिराच टाकते, तिला दामटून काही उपयोग नसतो. "म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवून लगेच जिना चढायला लावता का?" असं ती विचारे, आणि लोक हसत. हसेनात का, तिचं काय जात होतं!

आणि आता तिच्यावरच गाडी रेस केल्याचा ठपका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच.

झालं होतं ते असं. परवा सकाळी टेकडीच्या चढावर, आत तीन पेशंट असताना, तिच्या गाडीचं इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाकं काही फिरेनात. दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. एका आजोबांची मशीनवरची पाळी हुकली. आजोबा रागावले नाहीत, उलट तिलाच "असू दे गं पोरी" म्हणाले. ते तिला फार लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी का बसली, हे तिला त्या चढावरच कळलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी वाहतूक विभागाला हे नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला: रोज सहाच्या आत, एकही गाडी रस्त्यावर निघण्याआधी, गाड्या गार असतानाच, सगळ्या गाड्या ओळीत लावून गिअरबॉक्सचं तेल मोजायचं, आणि कमी दिसलं तर भरायचं. कागदावर किती छान दिसतं! पण आपल्या गाड्यांचं हे तेल गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून मोजायचं असतं. गारठ्यात ते आकसतं आणि मापाच्या पट्टीवर खाली दिसतं. साहेबांच्या हुकमाने नऊच्या नऊ गाड्यांत वरून तेल ओतलं गेलं. गरम झाल्यावर ते फुगलं, आत घुसळून त्याला फेस आला, आणि फेसावर काही गिअर चालत नाहीत. तिचा रस्ता सगळ्यांत लांबचा आणि चढाचा, म्हणून तिची गाडी आधी बसली.

आता पंचाईत अशी, की ते तेल ओतणारा मुख्य मिस्त्री तिचा सख्खा दीर होता. माणूस हुशार, इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. पण खुर्ची समोर दिसली की मान आपोआप हलायची. काल संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला होता, "वहिनी, करून टाका सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"भाऊजी, माप थंड गाडीत घेतलंत ना?" तिने विचारलं होतं. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. नवऱ्याने भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि कप विसळायला उठून गेला.

"सही नाही, तर मग पुरावा?" साहेबांनी आता पेन टेबलावर आपटलं.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला? कोट घाला साहेब. अर्धा तास द्या. मिस्त्रींनाही बरोबर घ्या."

ओळीतली चार नंबरची गाडी त्या दिवशी अजून रस्त्यावर निघालेली नव्हती. काचेवर दव गोठलेलं. तिने इंजिन चालू केलं आणि लगेच पट्टी काढून दाखवली. तेल अगदी खुणेवर. "बरोबर तर आहे!" साहेब म्हणाले. पट्टी परत घालून ती स्टिअरिंगवर बसली. मिनिटभर थांबली, गिअर पडू दिला आणि निघाली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिने त्यांच्यासाठी वेग तसूभरही वाढवला नाही.

टेकडीच्या चढावर अर्ध्यात इंजिन ओरडायला लागलं. इंजिनच्या फेऱ्यांची सुई वर चढत होती आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलांनी चालली होती.

"अहो, काय करताय तुम्ही?"

"माझा पाय बघा ना, किती दाबलाय तो. बघून ठेवा, नंतर म्हणाल हिने रेस केली."

कशीबशी गाडी वर आली. तिने कडेला घेतली, 'पी'वर, म्हणजे पार्किंगला टाकली, इंजिन चालू ठेवलं आणि पट्टी पुन्हा काढली. तेल खुणेच्या चांगलं चार बोटं वर आणि त्यावर साबणासारखा फेस. तिने पट्टी साहेबांच्या नाकासमोर धरली. 

साहेबांनी फेसाला बोट लावून पाहिलं. मग खिशातून तोच कागद काढून त्यांनी बॉनेटवर ठेवला. "ठीक आहे, तुमची चूक नाही. तेल मिस्त्रींनी ओतलं. मिस्त्री, मी नवा मजकूर सांगतो, मागच्या कोऱ्या बाजूला लिहा आणि सही करा."

दिराने निमूटपणे पेन घेतलं.

"भाऊजी, ठेवा ते खाली!" ती ओरडली. "हुकूम यांचा आणि सही आपल्या घरातली? मला नको अशी सुटका!"

त्याने पेन ठेवलं नाही. साहेबांनी तोंड उघडायच्या आत तो लिहायला लागला. गारठलेल्या बोटांनी, एकेक अक्षर कोरत. 'गाड्या थंड असताना तेल मोजायचा हुकूम साहेबांचा होता. तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिलो आणि नऊ गाड्यांत जादा तेल ओतलं. ड्रायव्हरबाईंची काही चूक नाही.' खाली त्याने पूर्ण नावाने सही केली.

साहेबांचा चेहरा उतरला. "हा कागद वर गेला तर तुमची नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय की," दीर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या साहेबाच्या डोळ्यांत बघत होता. "आणि नाही गेला तर वहिनींच्या हातातलं स्टिअरिंग जाईल."

साहेबांनी कागदाकडे हात नेला. त्याआधीच तिने तो उचलला, घडी करून स्वेटरच्या आतल्या खिशात घातला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"वर मी नेऊन देते," ती म्हणाली. "चला भाऊजी, माझी बसली ती बसली, उरलेल्या आठ गाड्यांचं जादा तेल उतरवायचंय."