कुडपणची वावटळ

नाते गावच्या दीपकने आजवर थापा काही कमी मारल्या नव्हत्या, पण ही एक त्याच्या मानगुटीवरच बसली. कुडपणला सोनबा-ठमाबाईंच्या घरावर त्याने पत्रे बसवले. शेवटच्या ओळीला हूक कमी पडले, तर पठ्ठ्याने वर चार दगड ठेवले आणि "उद्या येतो" सांगून घाट उतरला. तो उद्या कसला उजाडतोय! आठव्या दिवशी वाऱ्याने पत्रा उचलला आणि अंगणात बसलेल्या सोनबांच्या पायावर आपटला. हाड मोडलं.

"वावटळ होती, वावटळ! टीव्हीत दाखवतात ना, सोंडेसारखी, तसली!" दीपकने बेधडक ठोकून दिलं.

झालं! यंदा ठमाबाई नातवाच्या बारशाला मुंबईला गेल्या होत्या आणि वेशीवरच्या देवाची राखण, म्हणजे गाव राखतो म्हणून दरवर्षीचा कोंबडा-नारळ, द्यायची राहिली होती. देव कोपला तो हिच्यामुळेच, असं सोनबांनी मनात घेतलं आणि बायकोशी बोलणं टाकलं. महिना झाला. म्हातारी त्यांचं सगळं करायची, आणि हा बाबा भिंतीकडे बघायचा. हे कळल्यापासून दीपकला घास गोड लागेना.

वावटळीची बातमी ऐकून महाडच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडम आल्या. घर दाखवायला दीपकलाच बरोबर घेतलं. आता नाही कसं म्हणणार?

मॅडमनी अंगण पाहिलं. "तसल्या वादळाला तापलेली हवा आणि मोकळं सपाट रान लागतं. इथे समुद्राचा वारा हवा गार ठेवतो, आणि उरलंसुरलं हे डोंगर मोडून काढतात. कधीच होणार नाही असं नाही, पण फार दुर्मिळ. आणि झालंच असतं, तर या केळी उभ्या राहिल्या असत्या का?"

ठमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "म्हंजे बाय, माज्या राखणीपायी नाय आली ती?"

दीपक पुढे झाला. "काकी, वावटळ नव्हतीच. हूक संपले होते. मी दगड ठेवून पळालो. वर थाप मारली. चुकलो मी."

थोबाडीत बसणार म्हणून त्याने डोळे मिटले. पण ठमाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या थेट आत सोनबांच्या खाटेपाशी गेल्या.

"ऐकलंत नव्हं? आता तरी बोला की माज्याशी."

सोनबांनी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. ठमाबाई उशाशी बसल्या आणि त्याही रडायला लागल्या. कोणीतरी आपल्याला एक शिवी तरी हासडावी, असं दारात उभ्या दीपकला वाटत होतं. कोणी हासडली नाही.