गळती नव्हती

“बाबा गेले, गेल्या महिन्यात,” मी सांगितलं.

गेणूभाऊंनी तोंडातली शिट्टी काढली. नागफणीचा कडा चढायला येणाऱ्यांच्या गाड्या ते आता कुरवंड्यात आपल्या अंगणात लावून घेतात.

“दिगंबर सायेब? अरारा.” मग घराकडे वळून, “शालू, पानी आन. ल्याबमदल्या सायबाची लेक आलीय.”

“तुमाला ज्यांनी काडलं त्यांची?” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. पाणी मात्र आलं.

सत्त्याण्णव साली बाबा वलवणजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत होते. काचेच्या नळीत वायू भरायचा, उणे दोनशे अंशांच्या जवळपास थंड करायचा, लेझरच्या झोताने त्याचे रेणू थरथरते करायचे आणि एकमेकांवर आदळून ती थरथर किती वेळात निवते ते मोजायचं. नळीचे सांधे आणि पंप गेणूभाऊंकडे. थंडी जितकी जास्त तितकी थरथर जास्त टिकेल, असा बाबांचा अंदाज. सगळ्यात थंड मोजणीत मात्र ती झटकन निवली. सांधा गळून बाहेरची हवा शिरली, मदतनिसाचा हलगर्जीपणा, असं त्यांनी अहवालात लिहिलं. आठवड्यात गेणूभाऊंची नोकरी गेली.

“सांधा गळत नव्हता. तुम्हाला एवढं सांग म्हणाले, दवाखान्यात.”

“त्ये मला ठावं हुतं. समद्या सांध्यांवरनं स्पिरिटचा बोळा फिरवलेला मी. गळती आसती तर मीटरचा काटा हालला आसता, त्यो हालला न्हाई. मंग झालं काय हुतं?”

“फार थंडीत रेणू इतके सावकाश येतात, की आदळून लगेच सुटत नाहीत. एकमेकांच्या ओढीने जवळच रेंगाळतात. तेवढ्यात थरथर निघून जाते.”

“ह्यांच्यावानीच,” शालूबाई म्हणाल्या. “शेकोटीपशी बसलं की उटायचं नाव न्हाई.”

गेणूभाऊ हसले. मग सहज विचारावं तसं विचारलं, “सायबास्नी कदी कळलं?”

गेल्या वर्षी, असं म्हणता आलं असतं. रिक्षात मी तेच ठरवलं होतं. महिनाभर लोक बाबांबद्दल फक्त चांगलंच बोलत होते, आणि मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

“नव्व्याण्णवला,” मी म्हणाले. “नवी नळी, नवा माणूस घेऊन पुन्हा केलं. तेच आलं. त्यांच्या वहीत आहे.”

शालूबाई भांडं उचलून आत गेल्या.

“आमचा कैलास तवा सातवीत हुता,” गेणूभाऊ म्हणाले. “बापानं काम इस्कटलं म्हून काडला, आसंच पोराला ठावं हाय. लिवून द्या. सायबाचं नाव घाला. त्यास्नी कळलं त्ये साल बी घाला.”

पर्समधल्या डायरीचं पान फाडून मी लिहायला घेतलं. बाबांच्या नावापर्यंत हात नीट चालला. सालापाशी थांबला. गेणूभाऊ बाजूला झाले नाहीत. मी साल लिहिलं.

कागद लांब धरून, ओठ हलवत त्यांनी तो दोनदा वाचला.

“अक्षर सायबावानीच हाय तुमचं,” ते म्हणाले.

मी मान खाली घालून पेनाचं टोपण लावत राहिले.