दलदलीतल्या स्प्रूसचं बी

रोपवाटिका सांभाळणारी ताई आणि वनखात्यातला तिचा धाकटा भाऊ यांचं एक भांडण वर्षानुवर्षं चालू होतं. विषय एकच, टेकडीखालच्या दलदलीत आपसूक उगवलेले स्प्रूस, म्हणजे देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष.

उतारावरचे स्प्रूस तिमजली घराएवढे होते. खालचे मात्र भावाच्या खांद्याला लागत. खोडात पोकळ गिरमिट घालून वर्तुळं मोजली, तर दोन्हीकडच्या झाडांचं वय चाळीसच.

"बीच खुजं आहे त्यांचं," भाऊ म्हणायचा.

"चाळीस वर्षं पाण्यात पाय घालून उभा राहा, मग बघू तुझी उंची," ताई म्हणायची. "दोष जागेचा आहे."

एके दिवशी ती झाडं तोडायचा कागद भावाच्या सहीसाठी आला. ताईने हटून पाच वर्षांची मुदत मागून घेतली. दोन्हीकडच्या झाडांचे शंकू गोळा केले आणि त्यांतल्या बियांच्या एकाच वाफ्यात, एकाच मातीत, एकाआड एक ओळी पेरल्या. भाऊ दरवर्षी स्वतःची मोजपट्टी घेऊन यायचा. ताईच्या पट्टीवर त्याचा भरवसा नव्हता.

चौथ्या वर्षी त्याने तीनदा मोजलं. सगळ्या ओळी सारख्या!

"पट्टी आखडली असेल," तो पुटपुटला.

ताई आठवडाभर हवेत होती. पण पुढच्या वसंतात एका पहाटे दव गोठलं आणि उतारावरच्या बियांच्या रोपांचे कोवळे शेंडे करपून काळे पडले. दलदलीच्या रोपांचे कोंब अजून उघडलेच नव्हते, म्हणून ती वाचली.

ताई वाफ्याशी उकिडवी बसली. "थंड हवा खाली साचते," ती सावकाश म्हणाली. "घाई करणारी रोपं तिथे जगलीच नसतील. उरली ती उशिरा फुटणारी. म्हणजे फरक बियांतही आहेच."

"म्हणजे मीही बरोबर!"

"तू खुजं म्हणाला होतास. हे तर शहाणं निघालं."

भावाने त्या कागदावर शेरा मारला : तोडू नयेत, बियांसाठी राखावेत. टेकडीपलीकडच्या घळीत तीनदा लागवड करूनही गारठ्याने काही जगलं नव्हतं. त्या वर्षी तिथे दलदलीच्या बियांची दोनशे रोपं लागली आणि पुढच्या गारठ्यातही झाडून सगळी हिरवी राहिली. साहेब पाहायला आले, तेव्हा भाऊ छाती फुगवून म्हणाला, "आमच्या रोपवाटिकेतली आहेत!"

"आमच्या?" ताईने डोळे वटारले, आणि मग तिलाच हसू आवरेना.